मागच्या ब्रेकातली हवा

त्या काळी मागेही डिस्क ब्रेक असलेली मोटरसायकल आमच्या डोंगरावर ह्यांचीच होती. जावा बेटावरच्या आमच्या वोनोसोबोचा तो उतार असा, की मागचा ब्रेक लागला नाही तर माणूस कोबीच्या टोपल्यांसकट नको तिथे पोचायचा.

प्रियांतो आमच्या मुलीला, लास्त्रीला, मागणी घालायला आला, त्या सकाळी ह्यांनी त्याला बसासुद्धा म्हटलं नाही. "ब्रेकात हवा शिरलीय. काढता येते का?" मुलगा खालच्या गावातला, गॅरेजात कामाला. ह्यांच्या मनात विषयच निघू द्यायचा नव्हता. काम झालं की चहा पाजून वाटेला लावणार होते. लास्त्री स्वयंपाकघरात किसलेलंच आलं पुन्हा किसत होती.

हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली बसून चाकाजवळचा बारीक नट सैल करायचा, नळीतून तेल आणि बुडबुडे आले की आवळायचा. मगच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत. वडीलधारा खाली आणि पोराचा पाय त्याच्या डोक्याशी, असं आमच्या जावात होत नाही, म्हणून प्रियांतोच खाली बसला. पण मग हुकूमही त्यानेच सोडायचे, तेही 'बापक', म्हणजे वडिलांसारख्या माणसाला.

"बापक, माफ करा, आपल्याला त्रास होत नसेल तर पाय अजून थोडा वेळ..."

तोवर ह्यांचा पाय वर.

"गेली का आत?"

"माफ करा बापक. गेली."

"अहो, तो सांगेल तेव्हा काढा की पाय!" मी दारातून म्हटलं.

"तो सांगतो कुठे? भाषण करतो!"

दर वेळी वरून ओतायचं बाटलीतलं तेल तळाला आलं. मग प्रियांतो गप्पच झाला. त्याने डावा हात ह्यांच्या पावलावर ठेवला. हात दाबला की पाय दाबायचा, हात उचलला की उचलायचा. मान खाली, नजर नळीवर. ह्यांचा पाय त्या हाताबरोबर खाली-वर व्हायला लागला. पायावर हात ठेवणाऱ्याला बोलणार तरी काय?

कुंपणापलीकडे वार्सिनी कपडे वाळत घालत होती. लाकडांच्या ढिगामुळे तिला ना पाना दिसला ना नळी. दिसलं ते एवढंच, की पोरगा पायाशी वाकलाय आणि उठतच नाही.

"किती विनवतोय गं बिचारा! तुझ्या नवऱ्याचं काळीज आहे की दगड?"

"अगं, ब्रेकातली हवा काढतायत."

"हो, हो," म्हणाली, आणि ओले कपडे तसेच टाकून गावात गेली.

पेडल दगडासारखं कडक झालं. हे खुशीत ते दाबून बघत होते, तोच लग्नघरी नेतात तसे तांदूळ, साखर घेऊन बायका अंगणात; गावात बातमी फिरेपर्यंत ह्यांचा होकारही झाला होता. "तारीख कुठली धरलीत?"

ह्यांनी आधी बायकांकडे पाहिलं, मग प्रियांतोकडे. त्याचे हात काळे, मान अजून खालीच.

"बापक, माफ करा, मी त्यांना काहीच..."

"तू गप. तू बोललास की हवा शिरते."

ह्यांनी पेडल आणखी एकदा दाबलं. पाय बराच वेळ उचलला नाही.

"बटाटे निघाल्यावर," बायकांना म्हणाले.

बायकांनी साखर माझ्या हातात दिली, आणि यंदा बटाटे कधी निघणार यावर वाद घालत ओट्यावर बसल्या.