ताणलेला दोरा

आमच्या लेकीच्या, चैत्रालीच्या बाळंतपणाला मी एकटी सॅन फ्रान्सिस्कोला जाणार म्हटल्यावर विष्णुपंतांनी मांजर्लीच्या घरातल्या नकाशावर पट्टी ठेवली. रिटायर झाले, तरी कारखान्यातली पट्टी काही सुटलेली नाही. मुंबईपासून रेघ ओढत म्हणाले, "अरबस्तान, आफ्रिका, अख्खा अटलांटिक. तुला एकटीला झेपायचं नाही."

मी शोकेसमधला पृथ्वीगोल काढला आणि शिलाई मशीनचा दोरा दोन्ही शहरांमध्ये ताणून धरला. तो आफ्रिकेकडे फिरकलाच नाही. सरळ वर चढला, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावरून पलीकडे उतरला.

"जवळची वाट ही आहे. तिकीट काढलंय मी."

त्यांनी नकाशावरची पट्टी उचलून घेतली. मग हळूच म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?"

"सोफ्यावरून उठलात की समोरच स्वयंपाकघर आहे. त्याला दोरा लागत नाही."