घोसातला बुडबुडा

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत नाण्यांच्या पारख्याची सारी हयात गेली. माणसांशी त्याचं कधी जमलंच नाही. टेबलासमोरच्या खुर्चीवर वर्षभरात कुणी बसलं असेल, तर फायलींचे गठ्ठे. आज ते उचलून त्याने वहिनीला जागा करून दिली.

थोरल्या भावाला जाऊन महिना झाला होता. वहिनीने रुमालाची गाठ सोडली आणि करंगळीच्या नखाएवढं जुनं ग्रीक नाणं पुढे ठेवलं. "भावोजी, हे तुमचं. तुमच्यासाठीच आणलं होतं ना त्यांनी."

त्याने ते लगेच ओळखलं. तीस वर्षांपूर्वी त्याला ही नोकरी लागली म्हणून दादाने हौसेने आणलेलं. नव्या पारख्याचा तोरा काय विचारता! घोड्याच्या पायांखालचा द्राक्षांचा घोस, म्हणजे टांकसाळीची खूण, त्याने बरोबर ओळखली. मग नाणं आधी हवेत तोललं, नंतर पाण्यात. चांदी असेल तर घनतेचा हिशेब साडेदहाच्या आसपास यायला हवा, आला साडेनऊ. "आत तांबं आहे. दादा, तुला कुणीतरी टोपी घातली," तो चारचौघांत म्हणाला आणि वर हसला. दादा नाणं खिशात घालून गेला तो परत आला नाही. हाही कधी गेला नाही. हट्टाच्या बाबतीत दोघे सख्खे भाऊच.

आज त्याने नाणं दोऱ्याने पुन्हा पाण्यात सोडलं. साडेनऊ! त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग सवयीने भिंग लावून बघतो तर घोसाच्या खाचेत मोहरीएवढा हवेचा बुडबुडा अडकलेला, नाण्याला पाण्यात हलकं दाखवणारा. तो ओल्या कुंचल्याने काढायचा असतो, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारण्याइतका तो लहानही नव्हता. त्याने कुंचला फिरवला. आकडा साडेदहाला टेकला.

"वहिनी, चांदीच आहे हो. माझं चुकलं."

"त्यांना ठाऊक होतं. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या पारख्याने सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"नवी नोकरी, उगाच तुमची नाचक्की नको म्हणाले. 'पुन्हा बघू दे' म्हणत तुम्हीच कधीतरी याल, तेव्हा सांगू." तिने रिकाम्या रुमालाची घडी घातली. "दार वाजलं की आधी खिसा चाचपायचे."

वहिनी गेल्यावर त्याने नाणं आणखी एकदा तोललं. साडेदहा. हे आधी दादाला सांगायला हवं, असं वाटून तो खुर्चीतून उठलासुद्धा.