मधला खांब

टीगने गाडीच्या चारही काचा खाली केल्या आणि काझचा हात आपोआप छपराकडे गेला.

"बघा, मध्ये काही नाही," टीग म्हणाला. जुन्या गाड्या जमवणारा हा माणूस ओहायोहून आला होता आणि पुढच्या-मागच्या खिडक्यांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे नवं बाळ बघावं तसा बघत होता.

काझचं दुखणं तेच होतं. डेट्रॉइटच्या कारखान्यात गाड्यांचे मधले खांब जोडण्यात त्याची हयात गेली. छप्पर कशावर उभं राहतं हे त्याला ठाऊक होतं. आणि बायकोने, लोटीने, हौसेने गाडी घेतली ती बिनखांबाची. तेव्हापासून लोटी चालवायची आणि शेजारी बसून काझ खिडकीबाहेर काढलेल्या हाताने छप्पर धरायचा. चर्चला जातानाही. लोकांना वाटे, भला माणूस सगळ्यांना हात करतो; तेही करत.

आता लोटीच्या डोळ्यांपुढे धुकं आलं होतं. परवा तिने "हिरवा होता ना रे?" असं विचारलं, तेही चौक ओलांडल्यावर. म्हणून गाडी विकायची. काझ चालवेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. चाक धरायचं म्हणजे छप्पर सोडायचं.

टीगने किंमत चांगली सांगितली. गाडी तो उबदार शेडमध्ये ठेवणार होता, अशीच काचा खाली करून.

"चालवणार नाही?" लोटीने विचारलं.

"छे हो, बाई. वाऱ्याने आतलं कापड खराब होतं."

खिडकीच्या कडेवरून लोटीने पुढून मागपर्यंत हात फिरवला. तो कुठेच अडला नाही. तो हात निरोप घेत होता; त्याची काझला छपरापेक्षा जास्त भीती वाटली.

"किल्ली द्या," तो टीगला म्हणाला. "विकायची नाही. लांबून आलात, कॉफी घेऊन जा. चुलीवर आहे."

नदीकाठच्या रस्त्यावर काझचे दोन्ही हात चाकावर होते आणि मान खांद्यांत गेली होती. वेग सायकलवाल्याला लाज वाटावी असा. मागे ट्रकांची रांग लागली. एकाने त्याच्या आईची चौकशी केली. खड्डा आला की काझ डोळे मिटायचा.

"तुला तरी दिसतंय ना?" लोटी म्हणाली.

"दिसतंय."

"मग सांग की."

काझने क्षणभर बाजूला पाहिलं. "नदी. जहाज चाललंय, खनिजाचं."

"मोठं?"

"संपतच नाहीये."

लोटीने कोपर बाहेर टेकवलं आणि वाऱ्याकडे तोंड केलं. जहाज केव्हाच मागे राहिलं. काझ मात्र ते अजून संपलेलं नाही असं सांगतच राहिला.