आधी चेंडू

शुक्रवारी गावच्या शाळेचा संघ अमेरिकन फुटबॉलचा सामना हरला तेव्हा लेन व्हावराच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती सोमवार दुपार झाली तरी उतरली नव्हती. आर्डिथच्या कॅफेत चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचा, वाडगा आणि सिनेमन रोल समोर ठेवून तो बसला होता. पण तोंड खाण्यापेक्षा बोलण्यातच जास्त गुंतलं होतं.

"अरे, शेंबडं पोरसुद्धा सांगेल! सामना बरोबरीत, नाणेफेक आपण जिंकलेली. दोन्ही संघांना आळीपाळीनं, शेवटच्या रेषेपासून दहा यार्डांवरून चार-चार प्रयत्न मिळणार. मग आधी समोरच्याला खेळू द्यायचं, त्यानं काय मिळवलं ते बघायचं, आणि तेवढं हिशेबानं काढायचं. यात अक्कल कुठे लागते? आणि हा आपला कोच आधी चेंडू घेतो!"

"घेतला खरा," आर्डिथ कॉफी ओतत म्हणाली.

आधी घेतला, टचडाउन केलं, म्हणजे चेंडू रेषेपार नेऊन सहा गुण घेतले, वरचा एक गुण लाथ मारून मिळवला. समोरच्यांना आता नेमकं कळलं होतं काय लागतं ते. त्यांनीही टचडाउन केलं, आणि लाथ न मारता चेंडू पुन्हा रेषेपार नेऊन वरचे दोन गुण काढले. एका गुणानं उपांत्यपूर्व सामना गेला, मोसम गेला. लेनचा मुलगा टेट कर्णधार होता, शाळेतलं त्याचं शेवटचं वर्ष. पुन्हा ती जर्सी त्याच्या अंगावर चढणार नव्हती.

सामना संपल्यावर कोच हारलन रीव्हनं गावच्या रेडिओवर एवढंच सांगितलं होतं, "निर्णय माझा होता. पोरांना कुणी बोलू नका." झालं, गावाला आयतंच कोलीत मिळालं. आज संध्याकाळी शाळेच्या मंडळाची बैठक होती. कोचला ठेवायचं की नारळ द्यायचा, हे तिथे ठरणार होतं. आणि पहिला बोलणार होता लेन. त्यानं स्वतःच तसं मागून घेतलं होतं.

तो घरी शर्ट बदलायला आला, तर टेट स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"बाबा, तुम्ही आज बोलू नका."

"का नको? तुझं अख्खं वर्ष त्या माणसानं मातीत घातलं!"

"कोचनी आधी बचाव घ्यायला सांगितलं होतं."

लेनचा हात बटणावर थांबला. "मग?"

"मैदानाच्या मध्ये मी गेलो होतो ना. पंचांनी विचारलं, काय हवं? मी म्हटलं, चेंडू. कर्णधार एकदा बोलला की बदलता येत नाही."

"अरे गाढवा! कशासाठी?"

टेटचा चेहरा लाल झाला. आता तोही ओरडला. "तुम्हीच शिकवलंत! दर जानेवारीत टीव्हीसमोर उभे राहून कोण बोंबलतं? 'घे चेंडू! मर्द असशील तर आधी घे! मागून खेळतात ते भित्रे!' मी चार वर्षांचा असल्यापासून ऐकतोय."

"अरे, टीव्हीवरचे ते व्यावसायिक सामने वेगळे! तिथे पहिल्या टचडाउनला सामनाच संपायचा."

"तो नियम कधीच बदलला, बाबा. तुमचं ओरडणं नाही बदललं."

"पण तुला तर आपला नियम ठाऊक होता!"

"होता. पण तुम्ही आमच्या बाकामागेच उभे होता. मी बचाव मागितला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

काय म्हणाला असता, ते लेनला चांगलंच ठाऊक होतं. तो खुर्चीवर बसला. राग आला होता तो आला होताच, फक्त कुणावर काढायचा ते कळेना. पोरावर काढावा, तर पोरानं बापाचंच ऐकलेलं. कोचवर काढावा, तर त्यानं पोराचं पाप आपल्या पदरात घेतलेलं.

"मी सांगतो म्हटलं सगळ्यांना," टेट हळू आवाजात म्हणाला. "कोच म्हणाले, तोंड उघडलंस तर याद राख. हे गाव तुला म्हातारपणापर्यंत विसरू देणार नाही."

ते मात्र खरं होतं. या गावात एका माणसाच्या हातून पन्नास वर्षांपूर्वी चेंडू सुटला होता, आणि अजून त्याच्या दुकानात खिळे घ्यायला गेलेले लोक "जपून दे रे" म्हणत. सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणे, हे वेगळं सांगायला नको.

शाळेच्या ग्रंथालयात खुर्च्या पुरल्या नव्हत्या. रीव्ह भिंतीपाशी हाताची घडी घालून बसला होता. त्यानं लेनकडे असं बघितलं की मार, काय मारायचं ते. टेट दाराशी उभा होता.

लेन उठला. लोक सरसावून बसले.

"चेंडू आधी घेतला तो माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तू काय कोच आहेस?" मागून गॅरी ओरडला. दुपारी कॅफेत हाच गॅरी लेनच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

"आधी चेंडू घ्या, आधी चेंडू घ्या, असं या गावात सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडतं? वीस वर्षं?"

"तू," आर्डिथ म्हणाली.

"मग? ऐकलं कुणीतरी."

"कुणी ऐकलं?" गॅरी उभा राहिला. "नाव सांग ना! हे काय कारण झालं?"

"गॅरी, खाली बस! ज्या माणसानं तुझ्या दोन्ही पोरांना माणसात आणलं, त्याला एका नाणेफेकीपायी हाकलायला निघालास? लाज नाही वाटत? मला वाटतेय!" लेनचा आवाज असा चढला की खिडक्यांची तावदानं थरथरली. रीव्ह जमिनीकडे बघत राहिला. दाराशी टेटनं मान वर केली.

नाव कुणीच घेतलं नाही. समजलं मात्र अनेकांना असावं, कारण त्यानंतर बोलायला फारसं कुणी उठलं नाही. मंडळानं कोचला ठेवलं. तेही एका मताच्या फरकानं.

बाहेर पिकअपपाशी रीव्हनं लेनला गाठलं. आभार नाहीत, हात मिळवणं नाही.

"नाव बाहेर येणार नाही असा मी पोराला शब्द दिला होता, लेन. आज तो तू जवळजवळ मोडलास."

"नाव घेतलं नाही मी."

"नाही घेतलंस." रीव्हनं टोपी घातली. "जानेवारीत सामने बघायला मी तुझ्याकडे येणार आहे. पोराच्या शेजारी बसणार. आणि नाणं वर उडालं की तू खोलीबाहेर जायचं."

"माझ्याच घरात?" लेन भडकला.

"तुझ्याच घरात," गाडीत बसता बसता टेट म्हणाला.