वकिलाच्या कोटाचं तिसरं बटण

मी एक बटण. काळं, चार भोकांचं, कोटाला लावतात तसलं. हसू नका. कोट कितीही भारीतला असला तरी आमच्यावाचून त्याचं पोट उघडंच राहतं. पण आज मी मोठेपणा सांगायला बसलेलो नाही. माझ्यापायी एका मावशीची भाची तिच्यापासून आठ महिने तुटली. खरं काय झालं ते मला एकट्याला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. ते आता सांगून टाकतो.

जन्म म्हणाल तर कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात पडलं, वरून दाब आला, झालो तयार. आम्हा तिघांना एका पुठ्ठ्यावर टाचून दुकानात टांगलं आणि तिथून एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं घरी आणलं. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणत. पण घरात दिवसभर 'मावशी, मावशी' एवढंच ऐकू यायचं, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतो.

हाक मारणारी होती तिची भाची, अडीच वर्षांची. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरीची आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. दोघींची आई लवकर गेली होती, तेव्हा धाकटीला न्हाऊमाखू घालून मावशीनंच वाढवलं. पुढे धाकटी औषधांच्या दुकानात नोकरीला लागली आणि पाळणाघराची चौकशी करू लागली, ते मावशीच्या फार जिव्हारी लागलं. मी काय मेले का, असं तिनं विचारलं. धाकटी तयार झाली, पण एका अटीवर. बटणांचा डबा पोरीच्या हाती द्यायचा नाही.

मावशीनं शब्द दिला आणि तिसऱ्याच दिवशी डबा काढला. मशीन चालवताना स्वतःशी बोलायची तिला सवय, म्हणून तिची बाजूही मी ऐकलेली आहे. धाकटी याच डब्याशी खेळत मोठी झाली, तिला काय झालं, असं तिचं म्हणणं. शिवाय ती सुटी बटणं देत नव्हती. मोठाली तेवढी निवडून नाडीत ओवायची, दोन्ही टोकांना घट्ट गाठ मारायची आणि ती माळ द्यायची. पण दिलेला शब्द मोडला तो मोडलाच.

तरी काय दिवस होते ते! भिंगरी गळ्यात टेप अडकवून घरभर मापं घेत फिरायची. मशीनचं माप, मोरीचं माप, मावशीच्या नाकाचं माप. दुपारी चिंध्यांच्या ढिगात शिरून झोपायची, आणि मशीन थांबलं की रडत उठायची. एकदा शिवणखडू चाटून जीभ निळी करून बसली. एकदा मशीनच्या तेलाची कुपी डोक्यावर पालथी केली. मावशीनं तीनदा डोकं धुतलं तरी केस चपचपीत ते चपचपीतच. संध्याकाळी आईनं वास घेऊन विचारलं तेव्हा मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुठ्ठ्यावरून सगळं पाहत होतो. खरं सांगतो, त्या घरात इतकं हसू पूर्वी कधी नसावं, कारण शेजारीणही एकदा येऊन चौकशी करून गेली.

मग तो दिवस आला. एका वकिलाचा काळा कोट पाच वाजता द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी त्याची मोठी सुनावणी होती. अस्तराची खालची तुरपाई तेवढी राहिली होती, आणि शेवटी आम्ही तिघं. मावशीनं आम्हाला पुठ्ठ्यावरून सोडवून डब्याच्या झाकणात ठेवलं. सुटं. झाकण शेजारच्या स्टुलावर. कोट मांडीवर घेऊन ती टाके घालू लागली. नजर एकदा सुईवर, एकदा भिंतीवरच्या घड्याळावर.

भिंगरी तिच्या गुडघ्याशी येऊन उभी राहिली. हात झाकणात घालून तिनं मला उचललं आणि तोंडात टाकलं. देवाशपथ सांगतो, माझी पाचावर धारण बसली. पुढचे चार दात वर, चार खाली, आणि मागे तो अंधारा गळा. पण चव आवडली नसावी. तिनं मला थुंकून हातात घेतलं. समोर कोटाच्या अस्तराला चार बोटं जागा उघडी होती. तिनं मला आत ढकललं आणि वरून दोनदा थोपटलं, मावशी तिला झोपवताना थोपटते तसं.

मावशी तेव्हा घड्याळ बघत होती. मग तिनं उरलेले टाके भराभर घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. मी आत कोंडला गेलो.

बटणं घ्यायला तिनं हात नेला, तर झाकणात दोनच. तिनं भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीचं तोंड अजून हलत होतं, माझी कडवट चव जिभेवर होती ना! पोरीनं बटण गिळलं, असंच मावशीला वाटलं. तिनं पोरीच्या तोंडात बोट घातलं, तर पोर कडकडून चावली. तिला मांडीवर पालथी घालून पाठीवर थापट्या मारल्या, पोरीला तो खेळ वाटला. जमीन चाचपली, चिंध्या उलथ्यापालथ्या केल्या, कोटसुद्धा उचलून झटकला. अहो, शिवलेल्या अस्तरातून मी पडणार कसा? मी आतून ओरडत होतो, इथं आहे, इथं आहे. बटणाचं ओरडणं ऐकतो कोण!

तेवढ्यात वकील दारात आला. मावशीनं कोट त्याच्या हातात कोंबला, वर माझी दोन भावंडं ठेवली, दुसरीकडून लावून घ्या म्हणाली आणि पोरीला कडेवर घेऊन चपला न घालता पळाली.

दवाखान्यातलं मी पाहिलं नाही, ते पुढे बहिणींच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टर म्हणाले, असलं प्लॅस्टिक एक्स-रेच्या फोटोत दिसेलच असं नाही. पोरीचा श्वास नीट चाललाय, पोटात गेलं असेल तर आपसूक बाहेर पडेल, बघत राहा. धाकटी कामावरून धावत आली. तिनं एवढंच विचारलं, "डबा काढला होतास ना, ताई?" मावशी हो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी पाळणाघरात जाऊ लागली. आठवडाभर तिची आई रोज बघत होती, पण बाहेर काही पडलं नाही. पडणार कुठून?

मी मात्र आठ महिने कोर्टात होतो. वकील खुर्चीत बसला की मी टक करून वाजायचो. त्याला वाटायचं किल्ल्याच असतील, खिसे चाचपून गप्प बसायचा. उभा राहून समोरच्याला खडसावायचा, पुरावा दाखवा, पुरावा कुठंय? आणि इकडे पुरावा त्याच्याच अस्तरात लोंबकळतोय. मला हसूही यायचं आणि रडूही.

शेवटी वकिलाचं पोट सुटलं आणि कोट सैल करायला पुन्हा मावशीकडे आला. मला वाटलं, चला, सुटलो. पण घर ओळखू येईना. भिंतीशी चिंध्यांचा ढीग नव्हता. बटणांच्या डब्याला दोरी आवळून बांधलेली. मावशी मशीन चालवत होती, पण स्वतःशी एक शब्द बोलत नव्हती.

तिनं अस्तरावरून बोटं फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. कात्रीनं टाके उसवले. मी तिच्या मांडीत पडलो. तिनं मला उजेडात धरलं आणि तिला ओक्साबोक्शी रडू फुटलं. गिळलं नव्हतं गं, गिळलं नव्हतं, असं किती वेळा म्हणाली. मग तिची नजर उसवलेल्या टाक्यांवर गेली. टाके तिचेच होते. तिचं रडू थांबलं.

मावशीनं निरोप धाडला, तशी संध्याकाळी धाकटी आली, बरोबर भिंगरी. आता चांगली उंच झालेली. मावशीनं मला टेबलावर ठेवलं, कुठं सापडलं ते सांगितलं. धाकटी मटकन खालीच बसली. आठ महिने पोरीचं पोट दुखलं की तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्यापासून आणू हिला तुझ्याकडे?"

मी मनात म्हटलं, हो म्हण, मावशी. याच शब्दासाठी ती आठ महिने झुरली होती.

"थांब," मावशी म्हणाली. "हे आत गेलं तेव्हा ही माझ्या गुडघ्याशी उभी होती. मी वरून टाके घातले, आणि मला कळलं नाही. तिनं गिळलं असतं तरी कळलं नसतं. तू केलंस ते बरोबरच केलंस."

भिंगरी कोटाच्या उसवलेल्या अस्तरात हात घालून बघत होती.

तिचा हात अस्तरातून काढत धाकटी म्हणाली, "रविवारी आणते, ताई. मीही थांबेन."

तेव्हापासून रविवारी दोघी येतात. बाकीचे सहा दिवस भिंगरी पाळणाघरात असते. मावशीला त्याचं वाईट वाटतं, पण ती तसं म्हणत नाही.

कोटाला वकिलानं दुसरीकडून तीन नवी बटणं केव्हाच लावून घेतली होती. मला मावशीनं तिच्या कामाच्या एप्रनवर शिवलंय, बरोबर गुडघ्याशी, दोऱ्याचे दुप्पट वेढे देऊन. भिंगरी मला धरून ओढते, मी तुटत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आम्हा बटणांना जीभ नाही, तेव्हा पोर सांभाळताना आमच्यावर नजर ठेवा.

मावशीला हे सांगावं लागत नाही. आता कुठलंही अस्तर बंद करण्याआधी ती सुई थांबवते आणि खाली गुडघ्याशी बघते. भिंगरी नसते त्या दिवशीही बघते. तिथं नुसता मी असतो.