झेंड्याच्या पाइपावरचा अँटेना

आश्रुबाआप्पांनी पक्षाचा झेंडा स्वतःच्या हातानं खाली घेतला, त्याची चौघडी केली आणि ती पाण्याच्या टाकीवर ठेवून वर पक्कड ठेवली. मग गच्चीच्या कोपऱ्यातल्या उंच लोखंडी पाइपाकडं मान करून ते हनुमानला म्हणाले,

“हं, चढव आता तुझी ती छत्री.”

छत्री म्हणजे अँटेना. मधोमध एक उभी पितळी सळई आणि तिच्या बुडाशी चहूबाजूंनी खाली झुकलेल्या चार. कापड उडून नुसत्या काड्या राहिलेल्या छत्रीसारखा तो अवतार दिसत होता. नेकनूरच्या बाजारात डिश बसवून देणाऱ्या हनुमाननं वेल्डिंगच्या दुकानात उभं राहून तो करून घेतला होता, आणि गच्चीवर आल्यापासून तो हातात धरून नुसताच घुटमळत होता.

“आप्पा, टाकीवर बसवू का? झेंडा काडला तर लोक काय म्हनतेल?”

“लोकांचं काय घिऊन बसलास बे! घरावर सगळ्यात उंच काय हाय?”

“झेंडा.”

“मग झालं तर.”

हनुमान मुकाट्यानं शिडीवर चढला.

हा तिसरा प्रयोग. विमानातलं बोलणं पकडणारा स्कॅनर हैदराबादहून आला तेव्हा त्याच्यासोबत वीतभर रबरी काडी होती. ती लावून घरात बसलं, की यंत्र भजी तळल्यासारखं नुसतं चरचरत राही. मग हनुमाननं गोठ्याच्या माळ्यावरून दूरदर्शनच्या काळातला जुना अँटेना शोधून काढला आणि जुन्या सवयीनं मुंबईकडं तोंड करून आडवा बसवला. त्या आडव्यानं दोघांचाही घाम काढला. एकानं गच्चीवर दांडा फिरवायचा, दुसऱ्यानं जिन्यात बसून ‘आलं, गेलं’ ओरडायचं, असं बरेच दिवस चाललं. बोअरची मोटर बंद करून पाहिली, इन्व्हर्टर बंद करून पाहिला. आवाज यायचा, पण आडात पडलेल्या माणसानं हाक मारावी तसा. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ बघबघून हनुमानला शोध लागला, की विमानाची लहर उभी असते, तिला काडीही उभीच लागते. भोवती लोखंडाची गर्दी नको, उंची पाहिजे आणि वायर आखूड पाहिजे. हे तो अशा थाटात सांगायचा, की विमानं जणू त्याच्याच वडिलांनी सोडली आहेत.

एवढा खटाटोप चालला होता तो एका आवाजासाठी.

आप्पांची एकुलती एक लेक राजनंदिनी विमान चालवते. मुंबईहून हैदराबादला जाणारं तिच्या कंपनीचं विमान दुपारी जेवणं झाली की नेकनूरच्या डोक्यावरून जातं. खालून पांढरी रेघ तेवढी दिसते. दोन वर्षांमागं राजनंदिनीनं मुंबईत आपल्या पसंतीनं लग्न केलं आणि घरी नंतर कळवलं. आप्पा तेव्हा पंचायत समितीचे माजी सभापती झाले होते, पण त्यांच्या हातातला माइक काही माजी झाला नव्हता. गावात सिमेंटच्या रस्त्याचं उद्घाटन होतं. समोर माणसं बसलेली, डोक्यात राग पेटलेला, आप्पा बोलून गेले, “आजपासून मला लेक न्हाई. व्हती ती मेली.” टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, व्हिडिओ मात्र काढला. तो फिरत फिरत जिथं पोचायचा तिथं पोचला.

त्यानंतर लेकीनं बापाचा फोन उचलला नाही. दुसऱ्याच्या नंबरवरून लावला, तर नुसतं ‘हॅलो’ ऐकताच तिनं ठेवून दिला. एका फोनवर साहेबलोकांना जागचं हलवणारा माणूस, पण पोटच्या पोरीपुढं त्याचं काही म्हणता काही चालेना. आणि घरात तिचं नाव काढायचं नाही, असा दम त्यांनीच भरून ठेवलेला. वत्सलाबाईंनी तो पाळला. त्या दिवसापासून त्या माउलीनं लेकीचं नाव एकदाही घेतलं नाही. जेवायला वाढताना, दिवाळीत, लेकीच्या वाढदिवसालासुद्धा नाही. बायकोनं आपलं इतकं ऐकावं, हेच आता आप्पांना खात होतं.

स्कॅनर म्हणजे नुसता कान; त्याला तोंड नाही. त्यातही विमानातलं माणूस काय बोलतं तेवढंच नेकनूरला ऐकू येई. जमिनीवरून त्याला काय उत्तर गेलं, ते इथवर पोचतच नव्हतं. उभी हयात दुसऱ्याला बोलू न दिलेल्या आप्पांच्या वाट्याला हेच यंत्र यावं, याला काय म्हणावं! पण त्यांना तेवढंही पुष्कळ होतं. चरचरीतून त्यांना एका बाईचा आवाज सापडला होता. इंग्रजीत काहीबाही आकडे सांगणारा, आणि जाता जाता ‘नमस्कार’ म्हणणारा. त्या नमस्कारावर आप्पांनी जीव टाकला. आवाज घोगरा होता आणि राजनंदिनीचा आवाज लहानपणापासून घोगराच. चरचरीतून कुणाचाही आवाज घोगराच येणार, हे खरं. पण ते बापाला कोण सांगणार? तो आवाज स्वच्छ ऐकायचा, तीच आहे याची खात्री करायची, म्हणून हा झेंड्याचा पाइप मोकळा झाला होता.

झेंडा उतरल्याची बातमी संध्याकाळच्या आत तालुक्याला जाऊन आली. तालुकाध्यक्षांचा फोन आला.

“आप्पा, काई नाराजी हाय का?”

“न्हाई बा.”

“मग झेंडा?”

“धुवायला काडलाय.”

दुसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाची दोघं माणसं शाल-नारळ घेऊनच दारात उभी राहिली. कधीचा मुहूर्त धरायचा, असं हसत हसत विचारू लागली. आप्पांनी त्यांना चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि नारळासकट वाटेला लावलं. खरं कारण कुठल्या तोंडानं सांगणार? ज्या गावासमोर ‘लेक मेली’ म्हणून सांगितलं, त्याच गावाला आता तिचा आवाज ऐकायला झेंडा काढला, असं सांगायचं? त्यापेक्षा पक्ष बदललेला बरा. आप्पांना स्वतःची लाज वाटत होती, आणि ती लाज सांगायलाही जवळ कुणी नव्हतं.

अँटेनाचं काम मात्र फत्ते झालं होतं. पाइपावर चढल्याच्या दुसऱ्या दुपारी चरचर एकदम बसली आणि तो आवाज शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा आला. हनुमाननं मांडीवर थाप मारली. आप्पा खुर्चीत बसून राहिले. आवाज घोगरा नव्हता. बारीक होता, तासून काढल्यासारखा होता, आणि त्याचा नमस्कारही कुठल्या तरी शहरातला होता.

“आवाज बदलतो का रे इमानात?” त्यांनी विचारलं.

“बदलत आसंल. वर हवा इरळ आसती,” हनुमाननं तोंडाला येईल ते ठोकून दिलं.

त्या विरळ हवेवर आप्पांनी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी आवाज तसाच स्वच्छ आला. तिसऱ्या दिवशी तर त्यांच्या मनात आलं, पाइपच जरा वाकडा करावा. आधीची खरखर बरी होती. तिच्यात निदान आपली पोर होती.

पण खात्री करून घेतल्याशिवाय त्यांच्यानं राहवेना. आपले कान म्हातारे झाले असतील, आईचा कान चुकायचा नाही. जेवणं झाली तसे ते जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

“अगं, ऐकलं का? जरा वर ये.”

“मी? कावून?” खालून वत्सलाबाईंचा आवाज आला.

“ये म्हनलं ना.”

वत्सलाबाई गुडघ्यांमुळं वर्ष वर्ष गच्चीवर येत नसत. भिंतीला हात लावत, मध्ये थांबत त्या वर आल्या. दुसऱ्या हातात त्यांचा मोबाइल होता. आप्पांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली, आपण उपड्या घमेल्यावर बसले आणि यंत्राकडं बघत म्हणाले,

“राजीचं इमान यायलंय. रोज येतंय. तिचा आवाज येतो यात. तू जरा वळख.”

राजीचं नाव त्यांच्या तोंडून आलं तशी वत्सलाबाईंनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. आप्पांना वाटलं, आता ही रडणार. पण त्या रडल्या नाहीत. वर आभाळाकडंही त्यांनी पाहिलं नाही. मोबाइल मांडीवर उपडा ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या.

पश्चिमेकडून पांढरी रेघ वर सरकू लागली. यंत्रात खुट्ट झालं आणि तो बारीक आवाज आला. आकडे सांगून झाले. आप्पांनी श्वास धरून ठेवला होता.

“तीच हाय का गं?” मतमोजणीच्या दिवशीसुद्धा आप्पांचा आवाज असा झाला नव्हता.

वत्सलाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. वाढलेली दाढी, चुरगळलेलं धोतर, यंत्राच्या बटणावर ठेवलेलं बोट. एवढं सगळं बघून झाल्यावर त्या म्हणाल्या,

“हां. तीच हाय.”

“नक्की?”

“माय हाय मी तिची. मला कळंना व्हय?”

आप्पांचे डोळे भरून आले. काहीतरी बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. यंत्रातला आवाज पुन्हा सुरू झाला होता. विमान थेट डोक्यावर होतं आणि ती मुलगी वरून कुणाला तरी आकडे सांगत होती. तेवढ्यात वत्सलाबाईंच्या मांडीवर मोबाइल थरथरायला लागला. त्यांनी तो गडबडीनं उचलला, आणि उचलताना तो आप्पांच्या बाजूला वळला. पडदाभर राजनंदिनीचा फोटो होता. घरातला ढगळ झगा, वर बांधलेले केस, तब्येत सुधारलेली. फोटो नवा होता. आप्पांनी तो कधी पाहिला नव्हता.

वत्सलाबाईंनी पडद्यावर तळहात ठेवला. बोटांच्या फटींतून उजेड दिसतच राहिला. फोन थांबला आणि लगेच पुन्हा थरथरू लागला.

“उचल,” आप्पा म्हणाले. “तिला घोर लागंल.”

वत्सलाबाई उठल्या आणि चढल्या त्याच्या दुप्पट वेगानं जिना उतरून वळणापाशी जाऊन थांबल्या. दुपारी आप्पा गच्चीवर गेले की घर रिकामं असतं, तीच वेळ मायलेकींनी धरली होती, हे आप्पांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी स्कॅनर बंद केला. विमान नुसतंच पुढं निघून गेलं.

खालून कुजबुज येत होती, पण वाऱ्यानं शब्द विस्कटत होते. आप्पा उठले. कठड्यापाशी काहीच येईना. टाकीच्या आडोशाला नुसता सूर कळत होता. पायांतल्या चपला काढून ते जिन्याच्या तोंडाशी आले, भिंतीला लागून उभे राहिले, आणि तिथं शब्द न् शब्द यायला लागला.

“…खाल्लं का काई? … आन् डाक्टरीन काय म्हनली? … आगं, पाय तर सुजतेतच. मला तर तुझ्या वक्ताला चप्पल चढत नव्हती. पाचवा म्हैना हाय, निस्ती उभी ऱ्हाऊ नको … इमानाचं काय घिऊन बसलीस? ते काय पळून चाललंय? बाळ मोठं झाल्यावर जा की परत…”

आप्पांनी भिंतीला हात टेकला. आनंद म्हणावा तर तो त्यांना मागं ठेवून आला होता, आणि दुःख म्हणावं तर नातवंडाच्या बातमीला दुःख कोण म्हणतं! घरात एवढी मोठी गोष्ट चालली होती आणि ते गच्चीवर एका परक्या पोरीच्या नमस्काराला मान डोलावत बसले होते. इथूनच मोठ्यानं ‘राजे!’ अशी हाक मारावी, असं त्यांच्या पार ओठांपर्यंत आलं. पण हाक ऐकताच ती फोन ठेवेल. आणि उद्यापासून आईचाही उचलणार नाही. तेवढं त्यांना पक्कं कळत होतं.

नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. आप्पांनी उपरण्याचा बोळा करून तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, छाती हलायला लागली, आणि कितीही दाबलं तरी थोडासा आवाज सुटलाच.

खाली बोलणं थांबलं. वळणापाशी वत्सलाबाईंनी मान वर करून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी आप्पांची अनवाणी पावलं दिसत होती.

“न्हाई गं,” त्या फोनमध्ये म्हणाल्या, “कोनी न्हाई इथं. बोल तू.”

आणि बोलत बोलत त्या दोन पायऱ्या वर आल्या.