तीन लायल, एक अहवाल

स्वातंत्र्य म्हणजे काय ते आम्ही अमेरिकनांनी जगाला शिकवलं. झालं गेलं मागे टाकावं, गाडी पश्चिमेला वळवावी आणि नव्यानं जगायला लागावं. हल्ली ते मागे टाकलेलं सगळं घरबसल्या एका डॉलरात मिळतं; तो भाव फक्त पहिल्या आठवड्यापुरता.

माझ्या धाकट्या बहिणीचं, आर्लीनचं, शनिवारी लायल हॅडलीशी लग्न होतं. तिचं वय सदुसष्ट. पहिल्या नवऱ्याचा दुसरा संसार तिला त्याच्या अंत्यविधीला कळला. तो संसार पुढच्या रांगेत बसला होता. तेव्हापासून तिचा एकच नियम, लपवलंस तर संपलं. म्हणून आदल्या रविवारच्या जेवणाला तिच्या मुलीनं, केंड्रानं, ताटाशेजारी फोन ठेवला. त्यात लोकांचा भूतकाळ खणून विकणाऱ्या एका कंपनीचा, लायलवरचा अहवाल होता.

"एकोणीसशे अडतीस," केंड्रा वाचू लागली. "चोरून दारू गाळताना अटक."

"ते आजोबा," लायल म्हणाला.

"तीन बायका."

"तेही आजोबाच. तिसरी बरी होती."

"चौसष्ट. घोड्याची चोरी."

"बाबा. घोडा परत दिला होता."

"मृत्यू, एकोणीसशे चौऱ्याण्णव."

"तेही बाबाच. मी जेवतोय."

हॅडलींकडे थोरल्या मुलाला बापाचंच नाव देतात. आमचा लायल तिसरा. कंपनीनं काटकसर करून तिघांचा एकच माणूस केला होता. मी हसलो. आर्लीन हसली नाही. तिचा काटा बटाट्यात रुतलेला होता, तो तसाच राहिला.

"दोन हजार अकरा," केंड्राचा आवाज खाली आला. "मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस. अटक."

लायलनं हे बाबांवर ढकलावं तर ते सतरा वर्षं आधीच वारल्याचं नुकतंच वाचून झालं होतं, आणि चौथा लायल जन्मालाच आला नव्हता.

"तो मी," तो म्हणाला.

"मला म्हणालास, पोलीस ठाण्याची पायरी कधी चढलो नाही," आर्लीन म्हणाली.

"म्हणालो होतो."

"काय फोडलंस?"

"भोपळा."

केंड्रानं फोनवरून मान वर केली.

"जत्रेतला. साडेतीनशे किलोचा. झाडं कापायच्या करवतीनं. मर्ल ऑस्टर त्यात पाणी भरून वजन वाढवायचा. सगळ्यात जड भोपळ्याचं पहिलं बक्षीस चार वर्षं त्यालाच."

"निघालं पाणी?"

"मंडपभर."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"छप्पन्नाव्या वर्षी भोपळ्यापायी आत गेलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?"

"आई," केंड्रा म्हणाली, "लपवलंच ना शेवटी. तुझाच नियम आहे."

आर्लीननं चष्मा लावला, फोन ओढून घेतला आणि अहवाल पहिल्यापासून वाचायला घेतला. लायलनं हातरुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मी पाणी प्यायलो. घोट गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. आर्लीननं शेवटचं पान वाचून पुन्हा अकरा सालावर बोट ठेवलं.

"याच्याखेरीज अजून काही?"

"नाही."

"शनिवारी अकराला चर्च. उशीर करू नकोस."

मग तिनं फोन केंड्रापुढे सरकवला.

"यात डोरीन व्हिपलचा नवा पत्ता निघतो का बघ जरा. माझा केकचा साचा तिच्याकडेच राहिलाय."